मशीन वर-खाली होत नाही: आउटबोर्डच्या पॉवर ट्रिम-टिल्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला गुडघाभर पाणी उरतं. अशा वेळी मशीन वर उचललं गेलं नाही तर पंखा वाळूत रुततो, आणि वर गेलेलं मशीन खाली आलं नाही तर बोट जागची हलत नाही. पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंतच्या बोटवाल्यांचे फोन सुरू होतात, आणि त्यातले निम्मे या एकाच गोष्टीबद्दल असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक खुलासा आधीच करतो. आपण सगळे आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाला, 'मशीन' म्हणतो, इथेही तसंच म्हटलं आहे. 'मोटर' असं जिथे लिहिलंय तिथे ब्रॅकेटमधली (मशीन बोटीला धरून ठेवणारा सांगाडा) ट्रिमची छोटी इलेक्ट्रिक मोटर समजा.

१. ट्रिम आणि टिल्ट एकच की वेगवेगळे? आत नेमकं असतं काय?

बटण एक, कामं दोन. बोट चालू असताना मशीनचा कोन थोडा आत-बाहेर करणं म्हणजे ट्रिम. त्याने बोटीचं तोंड उचलतं किंवा दबतं. खालून मोजलं तर साधारण पहिल्या वीस अंशांत हे काम होतं. त्याच्या पुढे, पंखा पाण्याबाहेर येईपर्यंत मशीन उचलणं म्हणजे टिल्ट.

ब्रॅकेटच्या मध्ये १२ व्होल्टची मोटर असते, तिला जोडलेला लहान गिअर पंप, शेजारी तेलाची टाकी आणि सिलिंडर. बऱ्याच मोठ्या मशीनना मधला लांब रॉड टिल्टचा आणि बाजूचे दोन आखूड, जाड रॉड ट्रिमचे असतात. काही मशीनना एकच रॉड दोन्ही कामं करतो. बटण 'वर' दाबलं की मोटर एका दिशेने फिरते, 'खाली' दाबलं की उलट दिशेने, आणि पंप तेल त्या-त्या बाजूला ढकलतो. ट्रिमच्या टप्प्यात हालचाल सावकाश पण ताकदीची असते. टिल्टच्या टप्प्यात मशीन झपकन उठतं, पण जोर कमी असतो.

बटण सोडल्यावर मशीन जागेवर राहतं ते कुठल्या दात्यावर किंवा खिळीवर नाही. सिलिंडरमध्ये अडकवून ठेवलेलं तेल त्याला धरून ठेवतं. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. बटण दाबलं तरी मशीन हलत नाही. सुरुवात कुठून करू?

कानापासून. इंजिन बंद ठेवा, एकाला बटण दाबायला सांगा आणि तुम्ही ब्रॅकेटजवळ कान न्या. हात मात्र लांब. चार प्रकार ऐकू येतात.

काहीच आवाज नाही: वीज बटणापर्यंत किंवा रिलेपर्यंत (बटण दाबलं की मोटरला जाड वायरीतून वीज जोडणारा स्विच) पोचत नाही. बॅटरीची टोकं, फ्यूज आणि थ्रॉटलच्या हँडलकडे जाणारे कनेक्टर या क्रमाने बघा.

नुसता 'टक': रिले ओढला जातोय, मोटर फिरत नाही. प्रश्न ४ पाहा.

मोटर दमल्यासारखी, जड आवाजात फिरते: एकतर व्होल्टेज कमी पडतंय, नाहीतर मशीन कुठेतरी घट्ट धरलं गेलंय.

मोटर हलकी, सुसाट फिरते आणि मशीन ढिम्म: बिघाड तेलाच्या बाजूला आहे. प्रश्न ५ पाहा.

हे ऐकायला अर्धा मिनिट लागतो. तो न देता पंप खोलणारे लोक मी पाहिलेत, आणि पंप खोलला की त्यात वाळूचा कण जाऊन नवा बिघाड तयार होतो. आपलं मशीन धडधाकट असतानाचा आवाज प्रत्येक तांडेलाने ओळखून ठेवावा. अगदी वर टेकल्यावर तो बदलून जड होतो, ते बरोबर आहे. त्या वेळी रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडून तेल परत टाकीत जात असतं.

३. आत्ता पाण्यात अडकलोय. बटण चालत नाही आणि मशीन वर घ्यायचंय. काय करू?

इंजिन बंद करा, किल्ली काढा. ब्रॅकेटच्या एका बाजूला गोल भोक दिसेल, आत मोठ्या खाचेचा स्क्रू असतो. तो मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्ह. कोणत्या बाजूला ते मशीनच्या मेकवर ठरतं, म्हणून किनाऱ्यावर असतानाच शोधून ठेवा. खाच पूर्ण भरेल असा रुंद पेचकस घ्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बहुतेक मशीनना दोन-तीन फेरे पुरतात. अडलं की थांबा, स्क्रू बाहेर काढायचा नाही.

आता दोघांनी मिळून मशीन उचला, टिल्टचा टेकू म्हणजे लॉकचा लिव्हर लावा आणि व्हॉल्व्ह परत बंद करा. बंद करताना बेताने घट्ट करा. जोर लावला तर आतलं बसकं खराब होतं.

मशीन वर असताना हाच व्हॉल्व्ह उघडायची वेळ आली, तर आधी वजन धरा. साठ-सत्तर हॉर्सपॉवरचं मशीन शंभर किलोच्या पुढे जातं आणि तेल सुटलं की ते धाडकन खाली येतं. माझ्या हाताखालच्या एका मुलाचं बोट असंच ब्रॅकेटमध्ये चेपलं. हाड जुळलं, पण त्या बोटाची पकड अजून पूर्वीसारखी नाही. दोरी बांधल्याशिवाय किंवा ओंडका लावल्याशिवाय वर असलेल्या मशीनखाली हात घालू नका. लॉक लावलेलं असलं तरीही.

व्हॉल्व्ह उघडा ठेवून बोट चालवू नका. रिव्हर्स टाकलात की मशीन पाण्याबाहेर उसळेल.

४. 'टक' आवाज येतो, पण मोटर फिरत नाही.

आधी बॅटरी. आराम करत असलेल्या, भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. बटण दाबून धरल्यावर तो साडेदहाच्या खाली कोसळला, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या टोकांचा. इंजिन चालू होतंय म्हणजे बॅटरी ठीक आहे, असं धरून चालू नका. दोरी ओढून चालू होणाऱ्या मशीनबाबत तर नाहीच नाही.

बॅटरी बरी निघाली तर मीटरची लाल सुई बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी रिलेवर येणाऱ्या जाड लाल वायरीच्या टोकाला लावा, आणि बटण दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. तीच मोजणी ऋण बाजूला, बॅटरीच्या ऋण टोकापासून रिलेच्या अर्थपर्यंत (ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी) करा. खाऱ्या हवेत अर्थचा बोल्ट सगळ्यात आधी मरतो. वरून चकचकीत दिसतो आणि काढल्यावर वॉशरखाली हिरवी पूड निघते.

एका पॅरासेलिंगच्या बोटीचं असंच झालं होतं. मालकाला आख्खं ट्रिम युनिट बदलायला सांगितलं गेलं होतं, पैशांची जुळवाजुळवही सुरू होती. मी अर्थची लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) काढली. तारेचे निम्मे धागे लगच्या तोंडाशी तुटलेले होते आणि उरलेले काळे पडले होते. नवी टिन केलेली लग दाबून बसवली, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. मशीन पहिल्याच दाबाला उठलं. तो मालक काही वेळ नुसता रॉडकडे बघत उभा होता.

तारा चांगल्या असतील तर मोटरवर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका आणि त्याच वेळी बटण दाबायला सांगा. ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकलेत. ती आणखी दोन-चार वेळा चालेल आणि ऐन गर्दीच्या दिवशी थांबेल, तेव्हा लगेच सोडवा. मोटर उघडल्यावर ब्रशची काजळीसारखी कोरडी भुकटी दिसली तर ब्रश बदलून, कम्युटेटर (ब्रश टेकतात तो तांब्याचा गोल भाग) पुसून काम भागतं. गंजाचं लाल पाणी निघालं तर वरच्या झाकणाची ओ-रिंग (रबराची गोल कडी) गेली आहे. अशा मोटरीतले चुंबकही गंजाने सुटतात, मग नवी मोटर घेणंच बरं.

५. मोटर मस्त फिरते, पण मशीन उठत नाही किंवा अर्धंच उठतं.

पहिल्यांदा मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्ह बघा. कोणीतरी तो सैल करून विसरलेला असतो, हे मी दर हंगामात बघतो. तो बंद असेल तर तेल तपासा (प्रश्न ६).

ट्रिमच्या टप्प्यापर्यंत येऊन थांबत असेल, तर तेल कमी असण्याची शक्यता मोठी. लांब रॉड पूर्ण बाहेर यायला सगळ्यात जास्त तेल लागतं, म्हणून तुटवडा तिथे दिसतो. तेल भरूनही तसंच राहिलं तर टिल्ट सिलिंडरच्या पिस्टनची ओ-रिंग किंवा पंपातले व्हॉल्व्ह संशयात येतात.

तेल पुरेसं आहे, व्हॉल्व्ह बंद आहे, मोटर हलक्या आवाजात पळतेय आणि रॉड तसूभरही हलत नाही, असं असेल तर मोटर आणि पंप यांना जोडणारा कपलिंगचा तुकडा तुटलेला असू शकतो. भाग लहानच, पण त्यासाठी मोटर सोडवावी लागते.

मोटर जड चालत असेल तर पंपावर खापर फोडण्याआधी मशीन हाताने उचलून बघा (व्हॉल्व्ह उघडून, प्रश्न ३ प्रमाणे). हातानेही जात नसेल तर टिल्टच्या आडव्या नळीतलं ग्रीस दगड झालंय. ग्रीस निपलमधून मरीन ग्रीस भरा. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत भरायचं.

६. तेल कुठलं घालू, किती, आणि तपासायचं कसं?

बऱ्याच मशीनना डेक्स्रॉन प्रकारचं एटीएफ चालतं, म्हणजे गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल. काही मेक आपलं स्वतःचं ट्रिमचं तेल सांगतात. मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. ब्रेक ऑइल कधीही नाही, त्याने सील (रॉडभोवती तेल अडवणारी रबरं) फुगतात.

तपासताना मशीन पूर्ण वर घ्या, लॉक लावा, शिवाय दोरी किंवा ओंडका. मग टाकीचं बूच सावकाश उघडा. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. मशीन खाली असताना बूच उघडू नका. तेव्हा सिलिंडरमधलं तेल टाकीत परतलेलं असतं आणि पिचकारी उडून डोळ्यांत जाऊ शकते. खाली असताना काठोकाठ भरण्याची चूकही करू नका, कारण तेल फुगायला टाकीत थोडी हवा लागते.

तेल भरल्यावर आत शिरलेली हवा काढायची. बूच लावा, मशीन पूर्ण वर, पूर्ण खाली असं चार-पाच वेळा करा. दोन्ही टोकांना बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवा. मग पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा पातळी बघा. सहसा थोडं तेल परत घालावं लागतं. प्रत्येक फेरीनंतर मोटरला दम खाऊ द्या, कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

तेलाचा रंग बघायची सवय लावा. स्वच्छ लाल चांगलं. गुलाबी फेस म्हणजे हवा. दुधाळ किंवा चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, नुसती भर घालून भागणार नाही. सगळं काढून, नवं भरून, दोन दिवसांनी परत बघा. पुन्हा दुधाळ झालं तर रॉडचे सील बदला.

७. रात्री मशीन वर टिल्ट करून ठेवतो, सकाळी खाली आलेलं असतं.

अडकवलेलं तेल कुठूनतरी निसटतंय. बाहेर गळतंय की आतल्या आत, हे आधी ठरवा. ब्रॅकेट कोरडं पुसा, टाकीखाली आणि रॉडभोवती पांढरा कागद बांधा आणि रात्रभर ठेवा. लाल डाग दिसला तर सील. डाग नाही आणि तेलाची पातळीही तशीच, तर गळती आत आहे.

आतल्या गळतीत सगळ्यात स्वस्त संशयित म्हणजे मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्हची ओ-रिंग. ती बदलायला मेकॅनिककडे न्या, कारण व्हॉल्व्ह बाहेर काढण्याआधी दाब सोडावा लागतो. त्यानंतर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. यात वाळूचा किंवा रबराचा कण अडकला तरी मशीन रात्रभरात उतरतं. कधीकधी तेल बदलून मशीन दहा वेळा वर-खाली केल्यावर कण निघून जातो, तेवढं करून बघायला हरकत नाही. सगळ्यात शेवटी टिल्ट पिस्टनची ओ-रिंग आणि त्याच पिस्टनमधले धक्का झेलणारे व्हॉल्व्ह.

आठवडाभरात दोन-चार बोटं उतरलं तर घाबरू नका. तासाभरात उतरलं तर हंगामाआधी काम करून घ्या. तोपर्यंत टेकू लावून ठेवा. टेकूवर बसवलं की 'खाली' बटण दाबून ट्रिमचे आखूड रॉड आत घ्या, म्हणजे त्यांच्यावर मीठ आणि कवचं बसणार नाहीत. ही सवय मशीन चांगलं असतानाही ठेवा.

बोट ट्रेलरवरून नेताना मात्र या टेकूवर भरवसा ठेवू नका. रस्त्यातल्या खड्ड्यांनी तो तुटतो. मशीनला वेगळा दांडा किंवा ओंडका द्या.

८. वर जातं, खाली येत नाही. (किंवा उलट.)

हसण्यावारी नेऊ नका, पण पहिल्यांदा टेकू काढलाय का ते बघा. मशीन टेकूवर बसलेलं असेल तर आधी जरा 'वर' घ्यावं लागतं, तेव्हाच लिव्हर सुटतो.

मग कान. मोटर दोन्ही बटणांना फिरते आणि हालचाल एकाच बाजूला होते, तर दोष पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये. मोटरच एका दिशेने फिरत नसेल तर दोष विजेचा. अशा वेळी लोक मोटर बदलतात, आणि नवी मोटर बसवूनही दुखणं जसंच्या तसं राहतं. एकाच दिशेने फिरणारी मोटर बहुतेक वेळा पूर्ण निरोगी असते.

गोम रिलेत आहे. मोटरला दोन जाड वायरी असतात. यामाहा आणि मर्क्युरीत निळी वर नेणारी, हिरवी खाली आणणारी. बटण सोडलेलं असताना दोन्ही रिले आपापली वायर अर्थला जोडून ठेवतात. तुम्ही 'वर' दाबता तेव्हा वरचा रिले निळीला १२ व्होल्ट देतो आणि हिरवी अर्थलाच राहते. म्हणजे वीज परत जायची वाट *खालच्या* रिलेतून असते. म्हणून खालच्या रिलेचा अर्थचा संपर्क जळाला तर मशीन *वर* जात नाही. बिघाड एका रिलेत, लक्षण दुसऱ्या बटणावर.

तपासायला सोपं आहे. मोटरच्या दोन्ही वायरी रिलेपासून सोडवा आणि कुठलंच बटण न दाबता मीटरने रिलेचं निळ्या वायरीचं टोक ते बॅटरीचं ऋण टोक, आणि मग हिरवीचं टोक ते ऋण, असा रोध मोजा. दोन्हीकडे जवळजवळ शून्य यायला हवा. जिथे येत नाही तो रिले वाईट. दोन्ही रिले सुटे आणि सारखे असतील तर अदलाबदल करा. दुखणं उलट्या बाजूला गेलं की रिले पकडलात.

मोटर थेट बॅटरीवर तपासायची असेल तर तिच्या दोन्ही वायरी रिलेपासून *आधी सोडवा*. वर सांगितल्याप्रमाणे रिले त्यांना अर्थला धरून असतात, न सोडवता धन जोडलंत तर सरळ शॉर्ट होईल. ठिणगी उडतेच, म्हणून पेट्रोलची टाकी आधी बोटीवरून उतरवा.

९. मशीनवरच्या बटणाने चालतं, हँडलवरच्या बटणाने नाही.

चांगली बातमी आहे. मोटर, पंप, रिले, बॅटरी सगळं ठीक आहे. दोष हँडलच्या बटणात किंवा तिथपर्यंतच्या बारीक वायरीत आहे. थ्रॉटल पुढे-मागे करताना ही वायर हजारो वेळा वाकते आणि हँडलच्या बुडाशी आतल्या आत तुटते, वरचं रबर शाबूत दिसतं. बटण दाबून धरा आणि हँडल सावकाश हलवा. एखाद्या जागी मशीनने हालचाल केली तर वायर तिथेच तुटली आहे. नुसता टेप गुंडाळू नका, जोड थोडा मागे घेऊन नवा तुकडा घाला.

१०. बटण सोडलं तरी मशीन वर जातच राहतं. कधी रात्री आपोआप हलतं.

बॅटरीची वायर लगेच काढा, बाकी सगळं नंतर. रिलेचे संपर्क वितळून चिकटलेत, नाहीतर बटणात खारं पाणी शिरून आतल्या आत वीज वाहतेय. हँडलच्या बटणाचा कनेक्टर सोडा आणि बॅटरी क्षणभर जोडा. हालचाल थांबली तर बटण, चालूच राहिली तर रिले. चिकटलेला रिले ठोकला की सुटतो, पण तो परत वापरू नका. मुलं बोटीवर खेळत असताना हे झालं तर काय होईल, एवढाच विचार करा.

११. अर्ध्यावर येऊन बंद पडतं, दहा मिनिटांनी आपोआप चालू होतं.

बऱ्याच मोटरींच्या आत गरमीने तुटणारा आणि थंड झाल्यावर जुळणारा संपर्क असतो. सतत बटण दाबून धरलं, विशेषतः वर टेकल्यावरही धरून ठेवलं, तर तो मोटर जळण्यापासून वाचवतो. हवा काढताना हे हमखास होतं. थांबा, चालू होईल.

रोजच्या साध्या वापरात एकाच उचलीत असं होत असेल, तर मोटर जास्त वीज ओढतेय. कारणं: कमी व्होल्टेज (प्रश्न ४), घट्ट झालेली टिल्टची नळी (प्रश्न ५), किंवा मोटरचे बेअरिंग.

१२. उथळ पाण्यात मशीन वर घेऊन चालवतो. थ्रॉटल वाढवला की ते आपोआप खाली बसतं. बिघाड आहे का?

नाही. टिल्टच्या टप्प्यात मशीन धरून ठेवायची ताकद कमी असते. पंख्याचा रेटा वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि मशीन ट्रिमच्या टप्प्याच्या वरच्या टोकाला येऊन टेकतं. ब्रॅकेट मोडू नये म्हणून ही सोय असते. उथळ पाणी सावकाश पार करा, आणि थंड पाणी ओढणारी जाळी पाण्याखाली आहे याकडे लक्ष ठेवा. ती वर आली की इंजिन तापतं, आणि ते नुकसान ट्रिमपेक्षा कितीतरी मोठं.

हेच मशीन *ट्रिमच्या* टप्प्यातही दबत असेल, किंवा रिव्हर्स टाकल्यावर वर उसळत असेल, तर मात्र बिघाड आहे. रिलीज व्हॉल्व्ह सैल, तेल कमी, किंवा पिस्टनमधले धक्क्याचे व्हॉल्व्ह गेले. खडकावर किंवा बुडलेल्या खुंटावर आपटल्यानंतर हे सुरू झालं असेल तर शेवटचंच धरा. आपटल्यावर मशीनला वर उडू देण्यासाठी ते व्हॉल्व्ह असतात, आणि जबर धक्क्यात तेच खराब होतात.

१३. मशीन नीट चालतं, पण ट्रिमचा काटा चुकीचं दाखवतो.

काटा आणि पंप यांचा संबंध नाही. मशीनचा कोन मोजणारा सेन्सर ब्रॅकेटवर वेगळा असतो. त्याची दांडी तुटते, कनेक्टर खारवतो किंवा तो जागेवरून सरकतो. सवडीने करा. तोपर्यंत बोटीचं तोंड आणि इंजिनाचा आवाज बघून ट्रिम करा, जुने तांडेल तसंच करतात.

१४. आमच्या मशीनला ट्रिमचं बटणच नाही, तरी ते हलकं उचललं जातं. आता जड झालंय.

तुमच्याकडे गॅसवर चालणारा टेकू आहे, गाडीच्या डिकीच्या दांड्यासारखा. त्यात मोटर नाही, टाकीही नाही. गॅस गेला की मशीन जड होतं. तो दांडा घरी उघडायचा नाही, आत जबर दाब असतो. पूर्ण बदलावा लागतो.

१५. पावसाळ्यात बोट वर काढताना ट्रिमचं काय करायचं?

गोड्या पाण्याने रॉड, ब्रॅकेटची आतली बाजू आणि मोटरचा वरचा भाग धुवा. तेल बघा, दुधाळ असेल तर पावसाआधीच बदला, कारण चार महिने पाणी आत राहिलं की पंप गंजतो. मशीन उभं, खाली करून ठेवा म्हणजे सगळे रॉड तेलात राहतात. कनेक्टर उघडून स्प्रेने साफ करा, कोरडे करा, सिलिकॉन ग्रीस लावून बंद करा. ब्रॅकेटखालचा झिंकचा तुकडा निम्मा झिजला असेल तर बदला आणि त्यावर रंग लावू नका, रंग लावला की तो काम करत नाही. महिन्यातून एकदा बॅटरी जोडून मशीन वर-खाली करता आलं तर सील कोरडे पडत नाहीत. बोट झाकलेली असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे.

१६. रॉडवर पांढरी खडबडीत कवचं बसली आहेत, खाली बारीक खड्डेही दिसतात. नुसते सील बदलले तर चालेल?

कवचं पेचकसाने खरवडू नका आणि सँडपेपर तर अजिबात नको, रॉडचा क्रोम निघून जातो. ओलं फडकं गुंडाळून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने सोलून काढा. मग रॉड कोरडा पुसून त्यावरून नख फिरवा. नख कुठेच अडलं नाही तर नवे सील पुरेत. नख अडलं तर ती जागा बघा. पूर्ण खाली-वर होताना सील जिथून जातो तिथे खड्डा असेल, तर नवा सील महिन्या-दोन महिन्यांत फाटेल आणि मजुरी वाया जाईल. तिथे रॉड बदला. खड्डा फक्त वरच्या टोकाशी, जिथे सील पोचतच नाही अशा जागी असेल, तर मार्करने खूण करा आणि मशीन दोन्ही टोकांपर्यंत नेऊन खात्री करून घ्या. खूण सीलपर्यंत येत नसेल तर तो रॉड अजून बरीच वर्षं काम देईल.